वाघाटीला पैलवानाचा खुराक

काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि पिल्लू ओरडायला लागलं.

माझ्या पोराच्या खांद्यावरून त्यानं खाली उडी टाकली होती. खाली साधी फरशी. एवढ्या उंचीवरून आमच्या गल्लीतली मांजरं दिवसातून दहा वेळा उड्या टाकतात आणि शेपटी उडवत निघून जातात. हे खाली आलं आणि त्याचे मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडले, ओल्या फडक्यासारखे. पुढच्या दोन पायांवर ते अंग ओढत कपाटाखाली जायला बघत होतं. अंग पुढं जात होतं, पाय मागं राहत होते. आणि ओरडणं असं की गोठ्यातल्या तिन्ही म्हशी दावं ताणून उभ्या राहिल्या.

सोप्यात पंधरा-वीस माणसं होती. माझ्या पोराचा वाढदिवस होता. त्रेचाळीस वर्षांच्या घोड्याचा वाढदिवस. टेबलावर केक, केकवर वाघाचं तोंड काढलेलं. तिघा-चौघांचे मोबाईल त्या पिल्लावर रोखलेले. कुणी पुढं झालं नाही. पोराच्या तालमीतल्या एका दोस्तानं तर मोबाईल खाली न घेताच सांगितलं, "भावा, उडीचं माझं नीट आलं न्हाय. परत एकदा खांद्यावर घे की."

मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो बाहेर गेला आणि त्याच्या मागनं बाकीचेही एकेक करत उठले. केक तसाच राहिला.

आमच्या उचगावात ही गोष्ट आता वेगळी सांगतात. म्हातारीनं एका मांजरापायी पोटच्या पोराला अडकवलं, असं सांगतात. म्हणून झालं तसं लिहून ठेवते.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आमचा सव्वा एकर ऊस तुटत होता. तोडायला बीडकडची टोळी आली होती. मी दुपारी म्हशींसाठी वाडं, उसाचे हिरवे शेंडे, आणायला फडात गेले, तर सगळी तोड थांबलेली आणि माणसं गोल करून उभी. मधोमध पाचटात दोन पिल्लं. मुठीत मावतील एवढी. राखाडी-तांबूस अंग, त्यावर गंजाचे ठिपके पडल्यासारखे ठिपके, कपाळावर पांढरे पट्टे. डोळे नुकते उघडलेले.

टोळीतली एक बाई, असेल पस्तिशीची, कोयता बगलेत धरून सगळ्यांना मागं सारत होती. मला म्हणाली, "आजी, हात नका लावू दिऊ कुणाला. आई हाय त्यांची हितंच कुटंतरी. दिस कलला की येती अन् तोंडात धरून घिऊन जाती. आमी तेवढा तुकडा सोडून तोडतो."

तेवढ्यात माझा पोरगा बांधावरून पळत आला. त्यानं वाकून बघितलं आणि ओरडला, "बिबट्या! बिबट्याची पिल्लं हायती!"

"बिबट्या कशाचा आलाय?" ती बाई हसली. "वाघाटी हाय ती. मांजरायेवढीच ऱ्हाती, मांजरापरीस बी बारकी. दरसाली घावत्यात आमाला."

"मावशी, तुम्ही ऊस तोडा. वाघ वळखायचं आमच्याव सोडा."

सगळे हसले. मीही हसले असेन. बिबट्याची पिल्लं असती तर त्यांची आई दहा पावलांवर असती आणि वाघ ओळखणारा हा गडी सगळ्यांच्या आधी रस्त्याला लागला असता, एवढं मला त्या वेळी सुचलं नाही. त्यानं दोन्ही पिल्लं टॉवेलात गुंडाळली, मोटारसायकलच्या डिकीत ठेवली आणि घरी आणली. रानातून उसाची मोळी आणावी तशी.

आता आमच्याकडचं सांगते. कोल्हापुरात माणूस बारीक दिसला की त्याला आधी दूध पाजतात. सकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि शिकलीसवरली माणसंसुद्धा समोर धार काढून घेऊन तो फेसाचा पेला तिथंच तोंडाला लावतात. तालमीतल्या पोरांचं तर विचारूच नका. माझा पोरगा दहा वर्षं लाल मातीत लोळला. दूध, तूप, बदाम यांच्यापुढं त्याची अक्कल गेली नाही. त्यानं जाहीर केलं की वाघाच्या पिल्लांना पैलवानाचा खुराक चालू करायचा.

आणि तो चालू केला मी. हे मला लपवायचं नाही. माळ्यावरचं बोंडलं मी काढलं, ज्यानं मी माझी पोरं वाढवली. पहाटेची म्हशीची धार, ऊन-ऊन, तशीच बोंडल्यात घालून एकेका पिल्लाच्या तोंडात सोडली. मला वाटलं, पोरं वाढवली, रेडकं वाढवली, आई मेलेलं करडू वाढवलं, हे काय अवघड आहे? पिल्लं दूध ओढत होती. अर्धं नाकातून बाहेर येत होतं. पोरगा शेजारी उकिडवा बसून म्हणत होता, "बघ आये, कसं वडतंय! पट्टा हाय पट्टा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीतली ती बाई दारात आली. तिच्याबरोबर कोण नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"आजी, ती आई आल्ती. काल दिस बुडताना आमच्या खोपीपासनं पार विहिरीपतूर हिंडली. वरडत हुती. पिल्लं द्या माज्याजवळ, म्या जाग्याव ठिवून येते. अजून घील ती."

पोरगा आतून आला. "व्हय? आणि तू ठेवून येणार? का टोळीत न्हेऊन इकणार?"

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मी तांदूळ निवडत होते. मी तांदूळच निवडत राहिले. ती म्हणाली, "माजी बी दोन पोरं खोपीत टाकून येती म्या तोडीला. म्हून आले हुते," आणि निघून गेली. दुपारी पोरानं रानातलं पाचट पेटवून दिलं, दरवर्षी पेटवतात तसं. टोळी पुढच्या गावाला गेली.

मला माझा राग येतो तो इथं येतो. पोराचा येतोच, तो तर कायमचा. पण मला कुणी विचारलं की तुझ्या हातून काय चुकलं, तर मी बोंडलं सांगणार नाही. ते अडाणीपणानं झालं. तांदूळ निवडत बसले ते अडाणीपणानं झालं नाही.

दोन्ही पिल्लांना हगवण लागली. तिसऱ्या दिवशी पोरानं दुधात तुपाचे दोन थेंब घातले, ताकद यावी म्हणून. चौथ्या दिवशी एक पिल्लू मेलं. माझ्या पदरातच मेलं. ते मी उकिरड्यामागं पुरलं आणि येऊन पोराला सांगितलं, "दूध बंद. दुसरं बी मरंल."

तेव्हा त्याच्या दोस्तांची बैठक बसली. वाघ काय खातो? मटण खातो. मटण पिल्लाला जड जाईल, मग चिकन. हाडूक घशात अडकेल, मग बिनहाडकाचं. तेव्हापासून रोज बाजारातून बोनलेस यायला लागलं. माझ्या घरात माणसांना कधी बोनलेस आणलं नव्हतं. नळी फोडून चोखली नाही तर आमच्यात जेवण झालं म्हणत नाहीत. सून एकदा म्हणाली, "आत्ती, आमाला पाय आन् मान, आन् त्येला छातीचं. पुढच्या जन्मी वाघ व्हायाला पायजे."

ते पिल्लू जगलं. वाढलं म्हणवत नाही, पण जगलं. माडीवरच्या धान्याच्या खोलीत त्याला ठेवलं. खिडकीला जाळी, दार कायम बंद, ऊन म्हणून कधी आत आलं नाही. पोरानं त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला आणि एका जुन्या नावाजलेल्या पैलवानाचं नाव त्याला ठेवलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, त्या पैलवानाच्या घरच्यांना वाईट वाटेल.

मग माणसं यायला लागली. कोण कुठली! राजारामपुरीतून क्लासची पोरं, कुरुंदवाडहून पोराच्या सासरचे पाहुणे, कारखान्यातनं सुटलेले कामगार. "काकी, वाघ हाय न्हवं वर?" म्हणून चपला काढायच्या आधी जिना चढायचे. मी चहा टाकायचा. वर जाऊन पोरगा त्या पिल्लाला पोत्यांच्या मागनं मानगुटीला धरून बाहेर ओढायचा. ते कान पाडून फिस्कारायचं, अंगावर थुंकल्यासारखं करायचं, नख मारायचं. मग सगळे खूश. "राग बघ रागीट! असली हाय गड्या!" कुणी ते मांडीवर घ्यायचं, कुणी डोक्यावर ठेवायचं. मोबाईलवर ते कुठं कुठं गेलं देव जाणे. एक बाई तर तान्ह्या पोरीला घेऊन आली होती, वाघाच्या अंगावरून पोरीचा हात फिरवला की ती भीत नाही म्हणून. त्या पोरीच्या मनगटावर ओरखडा उठला. तर आई हसत होती, "वाघाची खूण लागली!"

मी एकदा पोराला म्हटलं, "त्याला न्हाय आवडत. धरलं की आंग चोरतंय."

"वाघ हाय आये त्यो. लाड करून घ्यायला काय म्हशीचं रेडकू हाय?"

"चार महिने झालं. वाघ असता तर आतापतूर कुत्र्यायेवढा झाला असता. ह्ये अजून सशायेवढं न्हाय."

"हळूहळू अंग धरतोय. खुराक लागू व्हायाला येळ लागतोय."

खरी गोष्ट अशी की ते वाघ नाही हे त्याला एव्हाना कळलं होतं. कुणीतरी मोबाईलवर शोधून दाखवलं होतं. पण वाघाटी म्हटलं की जिना चढून कोण येणार? वाघाटीबरोबर फोटो काढून फ्लेक्सवर कोण लावणार?

आणि फ्लेक्स तर लागला होता. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी चौकात, विजेच्या खांबाला, माणसाहून उंच. काळा चष्मा घातलेला माझा पोरगा, खांद्यावर ते पिल्लू, मागं डरकाळी फोडणारा खराच वाघ चिकटवलेला, वर लिहिलेलं, "वाघाच्या काळजाचा माणूस." खाली शुभेच्छा देणाऱ्या अठ्ठावीस जणांचे फोटो. जे जनावर घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, ते खांद्यावर घेऊन, गावाचं नाव आणि आपलं नाव घालून या माणसानं ते चौकात टांगलं. चोर निदान तोंड झाकतो.

तर वाढदिवसाच्या सकाळी ते पिल्लू खांद्यावरून पडलं आणि माणसं पांगली. राहिलो आम्ही चौघं, मी, पोरगा, सून आणि पोराचा एक दोस्त, जो कुठल्याशा कचेरीत कारकून आहे. मी पिल्लाला कपाटाखालून काढलं. हात लावला की ते किंचाळायचं, म्हणून मी जुन्या लुगड्याची झोळी करून तीत सरकवून घेतलं. आता ते ओरडायचं थांबलं होतं. तोंड उघडं टाकून भराभर श्वास घेत होतं. मला ओरडणं परवडलं असतं.

"डॉक्टरकडं न्हेऊया," सून म्हणाली.

तो कारकून म्हणाला, "वैनी, खुळ्या झाला काय? डॉक्टर पयला वनखात्याला फोन करंल. सात वर्षं आत जातोय ह्यो."

माझ्या पोराचा चेहरा उतरला. वाघाचं काळीज कुठं गेलं कळलं नाही. तो म्हणाला, "मग सोडून देऊ. जिथनं आणलं तिथं. उसात ठेवून येऊ. आपलं आपण बघंल ते."

मला आधी वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालास?"

"रानातलंच जनावर हाय न्हवं आये? रानात सोडायचं."

"पाय मोडल्यालं? ऊस कुठं हाय आता रानात? बुडख्यांना फुटल्याला खोडवा गुडघ्यायेवढा हाय. कुत्री दहा मिनिटात फाडतील."

"मग काय करू? जेलात जाऊ व्हय? एका मांजरापायी?"

"काल वाघ व्हता की रं," मी म्हटलं. "आज मांजर झालं व्हय?"

कारकून चपला शोधायला लागला. मी उठले, दुरडीवरचं झाकण काढलं, भाकरी ताटात ओतल्या, तळाला पोतं घातलं आणि झोळीसकट पिल्लू आत ठेवलं. पोरगा दारात आडवा उभा राहिला. सहा फूट माणूस. आठ भाकरी खाऊन वाढवलेला.

"आये, बाहीर जायाचं न्हाय."

"बाजूला हो."

"माझ्या जिवावर उठलीस व्हय तू?"

"तुझा जीव कुठं न्हाय चालला. तुझ्यापाशी चार वकील येतील. ह्याच्यापाशी कोण हाय? मी चाललो डॉक्टरकडं. अडवायचं आसंल तर धर मला मानगुटीला. सवय हाय तुला."

तो बाजूला झाला नाही. सुनेनं त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं. आजवर तिनं नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ती मला म्हणाली, "आत्ती, रिक्षा बोलावलीया. राजारामपुरीत एक कुत्र्या-मांजरांची डॉक्टरीण हाय. माझ्या भणीचं कुत्रं तितंच न्हेत्यात."

रिक्षावाला आरशातून बघत होता. "काय म्हातारे, कोंबडी हाय काय दुरडीत?"

"मांजर हाय."

"मांजराला रिक्षा? मजा हाय की मांजराची."

"लई मजा हाय," मी म्हटलं. "खड्डे चुकवून चालव."

दवाखान्यात आमच्या आधी एक जोडपं बसलं होतं. त्या माणसाच्या पाठीवर काचेच्या खिडकीची पिशवी, तिच्यात एक ठिपक्याठिपक्यांचं मोठं मांजर. त्यानं माझ्या दुरडीत डोकावून बघितलं आणि एकदम उजळला. "आजी, हे कुठलं ब्रीड? आमची बघा, रानमांजराशी संकर करून बनवतात परदेशात. रीतसर कागद आहेत." आणि खिशातून मोबाईल काढला. "एक फोटो घेऊ का हिचा?"

मी त्या पिशवीतल्या मांजराकडं बघितलं. ते गोल फिरत होतं. एवढ्याशा जागेत, गोल, गोल. कागद रीतसर होते.

"त्वा फोटो काढलास तर मोबाईल फोडीन," मी म्हटलं. बायकोनं त्याला कोपर मारलं आणि त्यांनी आपला नंबर सोडून आम्हाला आधी जाऊ दिलं.

डॉक्टरीण तरुण होती. दुरडीत बघितल्या बघितल्या ती म्हणाली, "अरे देवा. वाघाटी." मग तिनं काही विचारलं नाही, आधी सुई दिली. पिल्लाची मान सैल पडली तेव्हा मला वाटलं मेलं. "दुखणं कमी व्हायला दिलंय," ती म्हणाली. हाडांचा फोटो काढायला आत नेलं. अर्ध्या तासानं मला आत बोलावलं आणि भिंतीवरच्या उजेडात ती काळी काच दाखवली.

"आजी, हे हाड बघा. हाड पांढरं दिसायला पाहिजे. हे दिसतंय तरी का? धुरासारखं आहे. काय खायला घालत होता?"

"बोनलेस."

"आणि?"

"आणि काय न्हाय. चांगलं छातीचं."

तिनं डोळे मिटले. मग रागवायचं नाही असं ठरवल्यासारखी हळू बोलली. "हिची आई हिला उंदीर आणून देते. हाडासकट, केसासकट. हाडं खाल्ली की हाडं होतात. नुसत्या मांसानं अंगातलीच हाडं विरघळतात. ऊनही नाही दिसत मिळालेलं."

"हिची म्हणजे? ती मादी हाय?"

"मादीच आहे."

चार महिने माझ्या घरात एका पैलवानाचं नाव घेऊन मादी राहत होती. मला तिथं हसू आलं असतं, पण डॉक्टरीण काचेवर अजून बोट फिरवत होती. "हे आजचं मोडलेलं. दोन्ही मांड्या. आणि हे बघा, ही बरगडी. ही दीड महिन्यापूर्वी मोडून जुळलीय. ही दुसरी. शेपटीत इथं. पुढच्या पायाला ही चीर. ही सगळी जुनी आहेत."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. मानगुटीला धरून ओढायचे तेव्हा. मांडीवर दाबून धरायचे तेव्हा. डोक्यावर ठेवायचे आणि ती खाली सरकायची तेव्हा. ती फिस्कारायची आणि आम्ही म्हणायचो, बघा राग. मोडक्या बरगडीला हात लागत होता. माझ्या घरात मी खाली चहा टाकत होते आणि वर हे चाललं होतं.

"जगंल का?" मी विचारलं.

"आज रात्रीचं सांगत नाही. तीन दिवस गेले तर बघू. आणि आजी, मला वनखात्याला कळवावं लागेल. वाघाटी एवढीशी असली तरी कायद्यात ती वाघाच्याच रांगेत आहे."

"कळवा," मी म्हटलं. "माझा पोरगा खूश हुईल. वाघच पायजे व्हता त्याला."

वनखात्याचे दोघे तासाभरात आले. एक वयस्कर, एक बाई. त्यांच्याजवळ आमच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो कालच कुणीतरी पाठवला होता, ते आमच्याकडं निघायच्या बेतातच होते. म्हाताऱ्यानं विचारलं, "मावशी, जनावर कुणाच्या ताब्यात होतं?"

सून माझ्याकडं बघत होती. मला खोटं बोलता आलं असतं. सापडलं म्हणता आलं असतं. पण मग पिल्लाला काय खाऊ घातलं, किती दिवस, हे डॉक्टरणीला सांगितलेलं सगळं खोटं ठरलं असतं, आणि औषध खऱ्यावर चाललं होतं.

"माझ्या पोरानं आणलं," मी म्हटलं. "उसातनं. दोन व्हती, एक मेलं. दूध मी पाजलं. माझं बी नाव घाला."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. ती बाई जाताना म्हणाली, "पिल्लं सापडली त्या दिवशी नुसता फोन केला असता तर आम्ही खोक्यात घालून तिथंच ठेवली असती, मावशी. लांब उभं राहायचं असतं नुसतं. आई येऊन घेऊन जाते. बहुतेक वेळा येते."

तोडीची बाई हेच सांगत होती. तिला कुणी पगार देत नव्हतं हे सांगायला.

घरी आले तर पोरगा सोप्यात बसलेला. चौकातला फ्लेक्स काढून, गुंडाळून भिंतीला उभा केलेला. अठ्ठावीस जणांतलं कोणी आलं नव्हतं.

"नाव दिलंस?" त्यानं विचारलं.

"दिलं."

"आई हाईस का कोण गं तू?"

"आई हाय म्हणूनच दिलं. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर तू आजून खोटं बोलत बसला असतास. आणि ऐक. तिच्या दोन बरगड्या आधीच मोडल्यात. तुझ्या हातात. तू त्याचं रील केलंस."

मग त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. माझ्या पोरात एवढं तरी शिल्लक आहे, हे मी इथं लिहिते, कारण गावात ते कुणी सांगणार नाही. पण त्यानं हातांकडं बघितलं म्हणून मी त्याला माफ केलं, असं कुणी समजू नये. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. तारखा चालू आहेत. मी साक्षीला जाणार आहे आणि विचारतील ते सांगणार आहे. शेजारणी पाणी भरताना गप्प होतात. एक म्हणाली, "काकी, मुक्या जनावरापायी पोटचा पोरगा?" मी तिला विचारलं, "तू वर जाऊन फोटो काढलावतास न्हवं? डोक्यावर ठेवून?" ती कळशी न भरताच गेली.

तीन दिवस मी म्हशींचं, घराचं सगळं केलं आणि फोनजवळच राहिले. पहिल्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी ताप. तिसऱ्या दिवशी डॉक्टरणीचा फोन आला की तिनं एक उंदीर खाल्ला, शेपटीसकट, आणि पिंजऱ्यात हात घालणाऱ्या पोरीवर फिस्कारली. "चांगलं लक्षण आहे, आजी," ती म्हणाली. मी म्हटलं, "फिस्कारूदे तिला. कुणी हसू नगा म्हणावं."

दोन महिने तिला ट्रंकेएवढ्या खोक्यात ठेवलं, हाडं जुळेपर्यंत. जुळली, पण वाकडी. झाडावर चढता येत नाही, उडी मारता येत नाही, शिकार जमणार नाही. म्हणून तिला रानात सोडता आलं नाही. वनखात्याच्या उपचार केंद्रात एका पिंजऱ्यात ती आहे आणि मरेपर्यंत तिथंच राहील. गळ्यातला काळा दोरा त्यांनी कापून टाकला. मी बघायला गेले नाही. बघायला येणारी माणसं तिनं पुष्कळ बघितली आहेत.

आईचं काय झालं कुणाला माहीत नाही. पिल्लं दोन होती. एक चौथ्या दिवशी मेलं. मादी जगली.